देवकामावशीची पारोशी बाटली

सहा महिने मी एका बाईकडे तिची सकाळची लघवी मागत होते आणि ती मला चहा देत होती. चहा चांगला असायचा, ते नाकारत नाही. आलं ठेचून घातलेला, दुधाचा, लखलखीत पितळी पेल्यात. पण माझ्या स्कूटीवर बर्फाचा डबा, डब्यातला बर्फ पाणी व्हायला लागलेला, घड्याळात पावणेसात, आणि समोर देवकामावशी म्हणणार, "आज न्हाई जमायचं गं माय. चहा घे. परवा ये." परवा म्हणजे परवा असं कधीच नसायचं. मी चहा पिऊन, दात-ओठ खात, रिकामा डबा घेऊन परत बाळापूरला. तिथे ज्यांच्या दुकानातून मी बर्फ घ्यायचे ते रहीमचाचा दुरूनच विचारायचे, "क्या ताई, आज भी खालीच?"

मी आखाडा बाळापूरच्या एका छोट्या लॅबमध्ये काम करते. रक्त, थुंकी, साखर, कावीळ, रोजचंच. त्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या वैद्यकीय संस्थेने आमच्या लॅबवर एक वेगळं काम सोपवलं. चेहऱ्याच्या नसेचं एक जुनाट दुखणं असतं. गालात, हिरडीत, डोळ्याखाली अचानक वीज चमकल्यासारखी कळ येते, काही क्षण राहते, जाते, पुन्हा येते. दिवसातून दहा वेळा, पन्नास वेळा. वाऱ्याची झुळूक लागली की येते, घास चावला की येते, तोंडाला पाणी लागलं तरी येते. मग कधी महिना-महिना काहीच नाही. आणि खरा वैताग म्हणजे आमच्यासारख्यांच्या कुठल्याच साध्या तपासणीत ते दिसत नाही. रक्त स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ, आणि माणूस मात्र भिंतीला डोकं टेकून बसलेलं.

संस्थेतल्या मॅडमनी मला फोनवर समजावलं होतं. रक्त आपला तोल फार सांभाळतं, जरा काही कमी-जास्त झालं की लगेच सारवासारव करतं. जे नको ते शरीर लघवीत टाकून देतं. म्हणून या दुखण्याची काही खूण सापडलीच तर ती लघवीतल्या प्रथिनांत सापडेल. त्यासाठी एकाच माणसाची दुखत असतानाची सकाळची पहिली लघवी हवी आणि दुखत नसतानाची पण हवी. शिवाय त्याच घरचं पाणी पिणाऱ्या, त्याच वयाच्या एका धडधाकट माणसाची, त्याच सकाळी. बाटली लगेच बर्फात, तासाभरात लॅबमध्ये. ऐकायला किती सोपं वाटलं होतं मला. मी देवकामावशीला तेव्हा ओळखत नव्हते.

तिचं गाव वारंगा फाट्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून चार-पाच किलोमीटर आत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. सगळ्या गावात तो कढत, मातकट वास भरून राहिलेला. एका लांब घराच्या मधोमध नवी भिंत घालून दोन घरं केलेली होती. उजवीकडचं अंगण नुसतं झाडलेलं नव्हतं, ते धुतलेलं होतं. मी स्कूटी लावली तर आतून आवाज आला, "चाकाला चिखल हाय का बघ आधी."

ही देवकामावशी. साठीच्या जरा अलीकडची, उंच, काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. उजव्या गालापुढे जुन्या धोतराचं मऊ फडकं ती हाताने धरून ठेवायची, गालाला लागू न देता, बोटभर अंतरावर. बोलायची डाव्या कोपऱ्यातून. बोलल्याने कळ येते हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी गावात तिच्याइतकं कुणी बोलत नसेल.

तिची एक सवय मी जन्मात विसरणार नाही. बोलता बोलता कळ आली की ती डावा हात वर करायची, चौकातला पोलीस गाड्या थांबवतो तसा. हात वर गेला की समोरच्याने हलायचं नाही, बोलायचं नाही, पेला खाली ठेवायचा नाही. तिचा उजवा डोळा मिटलेला, त्यातून पाणी, मानेच्या शिरा ताठ. दहा सेकंद, वीस सेकंद. मग हात खाली यायचा आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू. "...आन् म्हनून म्या त्या दूधवाल्याला म्हनलं, तुझं माप तू आधी धू." एकदाही ती विचारायची नाही, मी काय बोलत होते. विसरायचे मीच.

स्वच्छतेचं तर विचारू नका. देवकाबाई पाणीसुद्धा धुऊन पिते असं गावात म्हणायचे, आणि मला ते खोटं वाटत नाही. पहिल्या भेटीत मी तिला निर्जंतुक केलेल्या सहा बाटल्या दिल्या, पाकीटबंद. टोपण उघडायचं, भरायचं, लावायचं, बास. आठवड्याने गेले तर सहाही बाटल्या ओसरीवर उपड्या घातलेल्या. राखेने घासून, चिंचेने उजळून, उन्हात वाळवून.

"मावशी, या बाटल्या आधीच स्वच्छ होत्या."

"कुनी धुतल्या होत्या?"

"कंपनीत. मशीनमध्ये."

"तू बघितलं व्हय?"

मी बघितलं नव्हतं. मी दुसऱ्या सहा बाटल्या दिल्या. त्याही तिने धुतल्या. तिसऱ्या वेळेपासून मी बाटल्या देणंच बंद केलं, लागेल तेव्हा मीच घेऊन यायला लागले. तर ती माझा बर्फाचा डबा बाहेरून पुसायची, आणि पुसता पुसता रहीमचाचाच्या बर्फाचं पाणी कुठल्या विहिरीचं, ते विचारायची.

दुखणं किती आहे ते शून्य ते दहा आकड्यांत एका कार्डावर लिहायचं असे. बाकीचे लोक आपले सांगायचे, पाच, सात, आठ. ही बाजारात वांगी घेतल्यासारखी घासाघीस करायची. "आठ लाव. न्हाई, आठ लई झालं, लोक म्हनतेल नाटक करते. साडेसात लाव." मी म्हणायचे, मावशी, लोकांना हे कळणारच नाही, तुम्हाला जे वाटतं ते सांगा. "मंग पावनेआठ." कार्डात पाऊण लिहायला जागा नव्हती.

पण 'लोक म्हनतेल नाटक' हे ती सहज म्हणत नव्हती. तिच्या देवळीत एक पितळी डबी होती. दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत तिने ती माझ्यापुढे उघडली. आत पाच दात. हे दुखणं सुरू झालं तेव्हा तिला वाटलं दात किडला. डॉक्टरलाही तसंच वाटलं. एक काढला, दुखणं तिथेच. दुसऱ्या डॉक्टरने दोन काढले. मग आणखी दोन. दात धड होते, ते मला लॅबवालीलासुद्धा दिसत होतं.

"हे पाच बी चांगले होते," ती म्हणाली. "दुखनं दिसत न्हाई ना कुनाला. दात तर दिसतेत? एक दात बी पाठव तिकडं बाटलीबरोबर."

मी म्हणाले, दात नको, लघवी पाठवायची आहे.

"ती देईन म्या. पर मला कागद पायजे."

"कसला कागद?"

"तपासल्यावरचा. ठप्प्याचा. देवकाबाईला दुखतं, खरंच दुखतं, असं लिवलेला."

इथून आमची खरी कटकट सुरू झाली. या अभ्यासात कुणालाच रिपोर्ट मिळणार नव्हता. नावसुद्धा जाणार नव्हतं. तिचा नंबर चौदा, बाटलीवर चौदा, बस्स. शंभर जणांच्या बाटल्या एकत्र तपासून काही सापडतं का ते बघायचं, एकटीच्या बाटलीवरून काहीच सांगता येत नाही. हे मी तिला संमतीच्या कागदावर वाचून दाखवलं, तोंडी सांगितलं, उदाहरणं देऊन सांगितलं. ती शांतपणे ऐकायची, "बराबर हाय" म्हणायची, आणि पुढच्या वेळी मी अंगणात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "आला का माझा कागद?" गोळी तिची चालू होती, तिने गुंगी यायची, पण ती तक्रार करायची नाही. गोळीचं तिला काही नव्हतं. कागद हवा होता.

कुणाला दाखवायचा, तेही तिने सांगितलं. बोटाने नाही, डोळ्याने. मधल्या भिंतीकडे.

भिंतीपलीकडे कौसाबाई, तिची धाकटी जाऊ. दोघी वीस-बावीस वर्षं एका चुलीवर राबलेल्या. मग हे दुखणं आलं, आणि कौसाबाईच्या म्हणण्याप्रमाणे ते फार सोयीने यायचं. तिनेच मला एकदा रस्त्यात गाठून सांगितलं. "म्याडम, तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा. पाव्हने आले का दुखतं. हळद काढायला आली का दुखतं. चार-चार दिवस ओट्यावर बसून राहती, चुलीला हात लावत न्हाई, हंड्याला हात लावत न्हाई. आन् पाव्हने गेले का पाचव्या दिवशी न्हाऊन-धुऊन अंगन झाडाया उठती. असं दुखनं असतंय व्हय कुठं?" मी म्हणाले, असतं, हे असंच असतं, येतं आणि जातं. "येतं आन् जातं," कौसाबाई म्हणाली, "पर आमच्या घरी ते कॅलेंडर बघून येतं." तीन वर्षांपूर्वी याच भांडणातून भिंत आली. त्यानंतर दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या.

आता गंमत बघा. त्याच घरचं पाणी, तेच वय, धडधाकट बाई, अशी गावात एकच होती. कौसाबाई. तिला मी हात जोडून तयार केलं. दोघींच्या बाटल्या एकाच सकाळी लागणार. म्हणजे देवकामावशीने परवा म्हटलं की मी भिंतीपलीकडे जाऊन सांगायचं, आज नाही, परवा. कौसाबाई वाकड्या तोंडाने म्हणायची, "व्हय, तिला परवाच दुखायचं आसंल." भिंतीअलीकडे देवकामावशी विचारायची, "काय म्हनली ती?" मी म्हणायचे, काही नाही. मी लॅबची बाई, यांच्यात पोस्टमन होऊन बसले.

तरी बाटल्या मिळत गेल्या. देवकामावशी फोन करायची, आवाज खोल गेलेला, "दुखून राहिलं, ये." मी सकाळी जायचे, चहा, परवा. परवा जायचे, चहा, उद्या. असं करत तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदाची बाटली हातात यायची. "ही ह्याच दुखण्याची हाय. सकाळची पहिली," ती सांगायची. मी बाटलीवर नंबर चौदा, दुखण्याचा दिवस, असं लिहून बर्फात ठेवायचे आणि देवाचे आभार मानायचे. मला काही म्हणजे काही शंका आली नाही. एवढी शिकलेली मी.

भाद्रपदात महालक्ष्म्या होऊन गेल्यावर दोन दिवसांनी मी त्याच गावात दुसऱ्या एका रुग्णाकडे गेले होते. घराला कुलूप. डबा बर्फाने भरलेला, म्हटलं जाता जाता बघावं, मावशीने फोन तर केला नाहीये. अंगणात गेले आणि थांबले. सडा नव्हता. पाचोळा पडलेला होता. देवकामावशीच्या अंगणात पाचोळा!

ती दाराच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्यात, पाठ करून बसली होती. मी हाक मारली तशी तिने घाईने पदर ओढला, पदर गालाला लागला, आणि हात वर गेला. मी उभी राहिले. बराच वेळ हात वरच होता. खाली आल्यावर मी तिचा चेहरा पाहिला. केस सुटलेले, डोळ्याच्या कडेला चिपड धरलेलं, गालावर वाळलेल्या पाण्याचे ओघळ आणि त्यावर धूळ. तिला असं मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि मी पाहिलं म्हणून तिला किती लाज वाटली ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"मावशी, आत्ता दुखतंय ना? मग आत्ताचीच द्या. मला हीच पाहिजे."

तिने बोट हलवून नाही म्हटलं. मग ओठ न हलवता, "पारोशी हाय म्या."

"म्हणजे?"

"आंघोळ न्हाई. तोंड न्हाई धुतलं. पानी लागलं का जीव जातोय."

"कधीपासून?"

चार बोटं.

मला खरं तर तिथेच सगळं कळलं, पण माणूस खात्री करायला जातो. मी विचारलं, "आणि आधीच्या बाटल्या? त्या कधी भरल्या?"

"दुखनं उतरल्यावर," ती म्हणाली. थांबत थांबत, पण अभिमानाने. "उतरलं का डोक्यावरून न्हायचं, तोंड धुवायचं, मंग पहिली बाटली. नीट दिल्या सगळ्या."

"आणि पहाटेची?"

"ती कुठं धरतेत व्हय? आंघुळीनंतरची पहिली ती पहिली."

मी ओरडले. आजारी बाईवर ओरडू नये हे मला कळतं, पण सहा महिन्यांचा चहा माझ्या डोक्यात चढला. मी म्हणाले, मावशी, अहो दुखणं गेल्यावर, न्हाऊन-धुऊन, दुसऱ्या खेपेची लघवी देता म्हणजे वरातीमागून घोडं झालं! त्यात काय सापडणार तिकडे? चार दिवस तुम्हाला तोंड धुता येत नाही इतकं दुखतंय, तेव्हाचीच हवी होती. चार दिवस तोंड नाही धुतलं तर नाही धुतलं, त्या मशीनला काय करायचंय तुमच्या तोंडाशी!

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पारोशानं आमी शेजारनीला मिठाचा खडा देत न्हाई. आन् ही तर माझी साक्ष हाय. पारोशी साक्ष कोन खरी मानंल?"

माझा राग काही जाईना. तेवढ्यात मागे कुणीतरी आलं. कौसाबाई. माझा आवाज भिंतीपलीकडे गेला नसता तरच नवल. तीन वर्षांत ती पहिल्यांदा या दारात उभी होती.

"काय म्हनल्या म्याडम तुमी? चार दिवस? हिनं? तोंड न्हाई धुतलं?"

देवकामावशीने मान फिरवून घेतली. कौसाबाई उंबऱ्याच्या आत आली, वाकली, आणि जावेच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या वर्षीही महालक्ष्म्यांचा सगळा स्वयंपाक, सोळा भाज्या, पुरण, सगळं तिने एकटीने केलं होतं आणि गावभर त्याचा बोभाटा केला होता. आता मात्र ती आली तशी निघून गेली.

मी तेव्हा तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात वाया गेलेल्या बाटल्या होत्या. स्कूटीवरून परत येताना कधीतरी उलगडलं. देवकामावशी पारोशाने चुलीला हात लावत नव्हती, हंड्याला लावत नव्हती, म्हणून चार-चार दिवस ओट्यावर बसून असायची. आणि तोंड धुतलेलं नाही हे जावेला सांगायची लाज, म्हणून नुसतं दुखतं म्हणायची. भिंत घालायच्या आधी कौसाबाईने एकदा तरी विचारलं असतं, किंवा हिने एकदा तरी सांगितलं असतं! पण कौसाबाई वीस वर्षं हिचा शिवाशिवीचा आणि घासण्या-धुण्याचा जाच सोसलेली बाई. देवकाबाई चार दिवस तोंड न धुता राहिली, याचा अर्थ काय, ते या जगात तिच्याइतकं कुणालाच कळणार नव्हतं. मला तर नाहीच.

मॅडमना फोन केला. त्या शांत बाई आहेत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, त्या बाटल्या बाजूला काढा. मुदत संपेपर्यंत दुखत असतानाची दोघींच्या बाटल्यांची एक जरी खरी जोडी मिळाली तर चौदा नंबर राहील, नाहीतर वगळावा लागेल. मी हे देवकामावशीला जाऊन सांगितलं. तोवर तिचं दुखणं उतरलं होतं, अंगण पुन्हा धुतलेलं होतं.

"वगळतेत म्हंजे? माझं दुखनं मोजनारच न्हाईत?"

"पारोशी बाटली नाही दिली तर नाही मोजणार."

ती पितळी पेला हातात धरून बसून राहिली. पहिल्यांदाच तिने मला चहा विचारला नाही. जाताना मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

पुढे तीन महिने काही नाही. दुखणं आलंच नाही, आणि ते यावं म्हणून मी वाट बघते आहे, याची मला लाज वाटायची. डिसेंबरात एका दुपारी फोन आला, नंबर अनोळखी.

"म्याडम, कौसाबाई बोलून राहिले. तिला सुरू झालं काल. उद्या सकाळी या. बाटली मिळंल."

"मावशी तयार आहेत? पारोशी?"

"न्हाई म्हनत होती. म्हने, एकटी पारोशी कशी देऊ. म्या म्हनलं, मंग म्या बी न्हात न्हाई, तोंड बी धुत न्हाई. दोघी बी देऊ."

थंडी होती, आणि वारा सुटलेला. मी पोचले तेव्हा कौसाबाई देवकामावशीला मागच्या बाजूला घेऊन चालली होती. एका हाताने तिचा दंड धरलेला, दुसऱ्या हाताने गोधडी पडद्यासारखी आडवी धरलेली, वाऱ्याच्या बाजूने. वारा फिरला की गोधडी फिरत होती. दहा पावलांत देवकामावशीचा हात तीनदा वर गेला आणि तिन्ही वेळा कौसाबाई जागच्या जागी थिजली. मला कुणी बस म्हणालं नाही. बर्फ वितळत होता.

दोन्ही बाटल्या कौसाबाईनेच आणून दिल्या, लांब हात करून. मी नंबर घातले, वेळ घातली, बर्फात ठेवल्या. मग कार्ड काढलं. देवकामावशीला बोलता येत नव्हतं, एक शब्दही. अशा वेळेसाठी संस्थेचा वेगळा कागद होता, त्यावर हजर असलेल्या माणसाची सही लागते. मी तो कौसाबाईपुढे धरला. तिने अक्षरांखालून बोट फिरवत मोठ्याने वाचला. "सदर व्यक्तीस... दुखत असल्याचे... मी स्वतः... पाहिले आहे." थांबली. "म्हंजे म्या बघितलं, असं लिवलंय का हितं?"

"हो."

"मंग बराबर हाय." आणि तिने सही केली. प्रौढ वर्गात शिकलेली सही, एकेक अक्षर कोरून. माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे.

मी कागद घ्यायला हात पुढे केला तर मध्ये दुसरा हात आला. देवकामावशीचा. तिने कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि खालची सही वाचली. वरचं काही वाचलं नाही. मग त्याची घडी करून चोळीत ठेवली.

"मावशी, तो संस्थेला जातो. तो नसेल तर बाटली बाद होईल."

तिने चोळीवर हात दाबून धरला. त्या कागदावर तिचं नाव नव्हतं, चौदा नंबर होता. ठप्पा नव्हता. नियमाप्रमाणे त्याची प्रतसुद्धा द्यायची नसते. मी पिशवीतून दुसरा कोरा कागद काढला आणि म्हणाले, "कौसाकाकू, परत एकदा."

"काहून? केली की आता."

"ती मावशींकडे राहू द्या."

कौसाबाईने जावेकडे पाहिलं, नाक ओढलं, आणि पुन्हा सही केली. या वेळी चटकन झाली.

बाटल्या वेळेत पोचल्या. त्यांत काय सापडलं, ते मला ठाऊक नाही. मॅडम म्हणतात, अजून पुष्कळ बाटल्या तपासायच्या आहेत, वेळ लागेल.

संक्रांतीनंतर काम संपलं आणि मी दुखण्याच्या आकड्यांची कार्डं गोळा करायला शेवटची त्या गावात गेले. अंगणात शिरून स्कूटी बंद करते तोच कौसाबाई हातातलं सूप टाकून धावत आली. मधल्या भिंतीला आता माणूस जाईल एवढं भगदाड पाडलेलं होतं, ती त्यातूनच आली.

"गाडी हितपर्यंत काहून आनली? किती आवाज! कालपासून लई दुखून राहिलं तिला. आत्ता कुठं डोळा लागलाय."

दार अर्धं लोटलेलं होतं. आत देवकामावशी भिंतीकडे तोंड करून आडवी झालेली, विस्कटलेले पांढरे केस उशीवर. मला तिची पाठ तेवढी दिसली.

कौसाबाईने कार्डं आणून दिली. मी कुजबुजत विचारलं, काही सांगायचंय का मावशींना. ती म्हणाली, "उठली का सांगते, तुमी येऊन गेल्या म्हनून." मग मी किल्ली फिरवायला गेले तर तिने माझं मनगट धरलं.

आवाजाने हे दुखणं चाळवत नाही. एवढं तरी मला इतक्या महिन्यांत नक्की कळलं होतं, आणि ते कौसाबाईला नीट समजावून सांगता आलं असतं. मी किल्ली काढून घेतली. स्कूटी हाताने ढकलत, धापा टाकत, पार डांबरी रस्त्यापर्यंत नेली आणि तिथे चालू केली.